मानाचा आटा

आमच्या विचुंब्यात माझ्या सासऱ्यांना सगळे धीराचा माणूस समजतात. काळूराम त्यांचं नाव, गाव त्यांना आबा म्हणतं. जमीन मोजायला आलेल्या साहेबांवर ते आवाज चढवतात, अंगणात साप निघाला तर काठीवर घेऊन ओढ्यापलीकडे सोडून येतात. पण हा सगळा बाहेरचा रुबाब. वारा सुटला की या माणसाची पाचावर धारण बसते, हे फक्त आम्हा घरच्यांना ठाऊक.

खिडकीचं दार आपटलं की ते उठतात. पुन्हा कडी बघतात, मग गच्चीवर जातात. गच्चीवरच्या पाण्याच्या प्लास्टिकच्या टाकीला त्यांनी एकदा तारेने बांधून टाकलं होतं, आणि तार इतकी आवळली की टाकीच चिरली. "वाऱ्यानं नाय नेली, आमच्या यांनीच फोडली," असं माझ्या सासूबाई, गंगाबाई, अजून शेजारणींना सांगतात. मीही खूप हसले होते. नवी सून होते, कारण माहीत नव्हतं.

कारण होतं काशिराम. आबांचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघे एकाच दिवशी तळोज्यात मदतनीस म्हणून कामाला लागले, एकाच सायकलवरून जात. तिथे एका कारखान्यात नवी पोलादी टाकी उभी राहत होती. उंच, अरुंद, आणि आत काहीच नाही. रिकामी टाकी म्हणजे शेवटी पत्र्याचा डबाच. तिच्या पायाचे बोल्ट अजून बसवलेले नव्हते. भर दुपारी काशिराम तिच्या सावलीला भाकरी सोडून बसला आणि वळवाचा वारा आला. टाकी आधी सरकली, मग कलली. आबा लांबून ओरडले, पण वाऱ्यात त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येईना. काशिराम मान वर करून बघत होता म्हणे, आवाज कुठून येतोय ते. टाकी त्याच्यावरच आली.

पुढे आबा दुसऱ्या एका कारखान्यात फिटर झाले, मग फोरमन. तिथेही तशाच उंच टाक्या, सॉल्व्हंटच्या. सॉल्व्हंट म्हणजे औषधं, रंग यांत लागणारं पातळ रसायन, ठिणगी लागायचा अवकाश की पेटणारं. ते पेटू नये म्हणून टाकीत वरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन वायू भरून ठेवतात. तो वायू छताला वर ढकलतो. उकळत्या भातावरचं झाकण जसं वाफेने उचलतं, तशी सगळी टाकीच बुडापासून उचलायला बघते. म्हणून टाकीच्या पायथ्याशी गोल सगळीकडून पत्र्याला लोखंडी आधार वेल्ड केलेले असतात. कामगार त्यांना खुर्च्या म्हणतात. काँक्रीटमधून वर आलेला एकेक बोल्ट एकेका खुर्चीतून जातो आणि वरून नट बसतो. टाकी उचलली तर तिला धरायचं, एवढंच या बोल्टचं काम. एरवी त्याने गप्प बसायचं. नट हाताने बसेल इतकाच घट्ट हवा.

हे आबांना कुणी सांगितलं नाही. ते त्या कारखान्यात गेले, सवयीने नटाला हात लावला, आणि नट हलला! त्यांच्या डोळ्यांपुढे काशिराम आला. पान्याला लांब पाईप लावून त्यांनी त्याच दिवशी सगळे नट आवळून टाकले. वरच्यांनी शाबासकी दिली.

दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. आबांनी त्यात एक भर घातली. नारळ फुटला की टाकीच्या प्रत्येक नटाला पाना लावून जेवढा फिरेल तेवढा फिरवायचा. पहिला हात आबांचा, मग बाकीच्यांचा. नटाचा फेरा म्हणजे आटा, म्हणून याला नाव पडलं मानाचा आटा. जसा मानाचा नारळ, मानाचा विडा, तसाच हा. साहेब लोकही नवीन हेल्मेट घालून आटा द्यायला येत आणि पाना हातात धरून फोटो काढून घेत. आबा निवृत्त झाले तरी पहिल्या हाताला त्यांनाच गाडी पाठवून बोलावत. दर दसऱ्याला नट थोडा आणखी फिरतो तर ती ओढ जाते कुठे, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ती जात होती टाकीच्या पत्र्यात.

मी निशा, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली. टाक्यांची तपासणी करणाऱ्या कंपनीत नोकरी करते. माझा नवरा कुंदन मात्र आबांच्याच कारखान्यात ऑपरेटर आहे, आबांच्याच शब्दावर लागलेला. त्याचं पंपघर तिथल्या एका सॉल्व्हंटच्या टाकीला अगदी लागून. गेल्या वर्षी दसरा झाल्यावर त्या कारखान्याची तपासणी आमच्या कंपनीला मिळाली. सासरच्या कारखान्यात जायचं म्हणून मी जरा ऐटीतच गेले होते.

ऐट त्या टाकीपाशी पोचेपर्यंत टिकली. नटांवर अजून हळदकुंकू होतं, सुकलेला झेंडू लोंबत होता. आणि प्रत्येक खुर्चीच्या वर पत्र्यावरचा रंग चंद्रकोरीसारखा तडकला होता. मी सरळ पट्टी उभी धरून पत्र्याला टेकवली. ती टेकेना, डुगडुगायला लागली. खुर्चीच्या वरच्या कडेशी पत्रा बाहेर ओढला गेला होता.

"टाइट हायत ना, ताई?" बरोबरचा कामगार कुमार हसत म्हणाला. "आबांचा हात हाय, ढिला पडायचा नाय."

मी एका खुर्चीच्या टोकाला लाल द्राव लावला, थांबले, पुसून काढला आणि वरून पांढरी पूड फवारली. पत्र्याला चीर असेल तर आत शिरलेला लाल रंग पुडीवर वर येतो. नसेल तर पांढऱ्याचं पांढरं. मी मनात देवाचं नाव घेत होते. पांढऱ्यावर आधी एक ठिपका आला, मग शेजारी दुसरा, मग त्यांची रेघ झाली आणि ती खुर्चीच्या कडेकडेने सरकत गेली.

टाकी सॉल्व्हंटने भरलेली होती. मी मान वळवून बघितलं, ही चीर असलेली खुर्ची कुठल्या बाजूला आहे ते. पंपघराचं दार तिथून हात लांब केला तर लागेल इतकं जवळ होतं, आणि दारामागच्या खिळ्याला मीच सकाळी भरून दिलेली डब्याची पिशवी लटकत होती.

प्लांट मॅनेजर परेश सर भला माणूस. त्यांनी वाद घातला नाही. आजूबाजूची सगळी कामं बंद केली, टाकीतल्या वायूचा दाब उतरवला आणि माल दुसऱ्या टाकीत हळूहळू काढायला घेतला. पण वाल्व्ह जुने, हाताचे. पंपघरात एक माणूस उभा राहणं भाग होतं, आणि पाळी कुंदनची होती.

मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "तू बाहेर ये. दुसऱ्या कुणाला उभं करू देत."

"कुणाला करू?" तो म्हणाला. "ज्याची बायको इन्स्पेक्शनला नाय त्याला?"

मला त्याचा असा राग आला! तो आत गेला. मी बाहेर उभी राहून पांढऱ्यावरची लाल रेघ बघत राहिले. ती वाढतेय असं मला सारखं वाटत होतं. वाढत नव्हती, पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर परतीच्या पावसाचा जोरदार वारा येणार, असं हवामान खात्याने सांगितलं होतं. तोवर टाकी जवळजवळ रिकामी झालेली असणार, म्हणजे हलकी. वारा तिला उचलू बघणार आणि चिरेजवळची खुर्ची पत्र्याला आणखी ओढणार. त्याआधी नट सोडवायलाच हवे होते. चिरेजवळच्या खुर्चीचा नट पुरता ढिला, बाकीचे हाताने बसतील इतके. मग ओढ आलीच तर ती धडधाकट खुर्च्या वाटून घेतील.

कुमार मागे सरला. "मानाचा आटा उलटा फिरवायचा? दसऱ्याला पूजा केलेला? मी नाय हात लावणार, ताई." बाकीचेही आपापल्या बुटांकडे बघायला लागले. "आबांनी पयला हात लावला तर बघू," असं कुणीतरी म्हणालं. परेश सरांनी माझ्याकडे बघितलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सूनच सापडली.

घरी गेले तेव्हा आबा ओट्यावर सुपात वाल निवडत होते. मी पायरीवर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. नट फार आवळले गेलेत, पत्रा फुगलाय, एके ठिकाणी चिरलाय.

ते हसले. "घट्ट हाय ना नट? मंग झाला तर."

"घट्ट आहे म्हणूनच, आबा."

"म्हंजे ढिला ठेवला असता तर बरा? तू पोरगी, वही बघून बोलतंस. मी आवळला म्हनून ती टाकी उभी हाय. काशिरामवाली टाकी ढिलीच व्हती."

"त्या टाकीला बोल्टच नव्हते, आबा. ढिले असणं वेगळं आणि नसणं वेगळं."

ते सुपातले वाल उगाच चाळवायला लागले. मी त्यांच्या सदऱ्याचं बटण चिमटीत धरून सावकाश बाहेर ओढलं. बटणाभोवतीचं कापड उचललं, त्याला सुरकुत्या पडल्या. "बघा. मी ओढतेय बटण, पण जोर कुठे येतोय? कापडावर, टाक्यापाशी. दोरा तुटला तर बटण पुन्हा लावता येतं. पण दोरा इतका चिवट घेतला की तुटतच नाही, तर काय फाटेल?"

त्यांनी खाली बघितलं. सुरकुतलेलं कापड बोटाने सपाट केलं.

"मंग यावर इलाज?"

मी सांगितलं. आत्ताच्या खुर्च्या बुटक्या आहेत, म्हणून सगळा पीळ पत्र्यावर एका जागी येतो. त्या काढून उंच खुर्च्या लावायच्या. खुर्ची आणि पत्रा यांच्यामध्ये जाड पट्टी घालायची. आणि सगळ्या खुर्च्यांच्या डोक्यावरून टाकीभोवती एकच अखंड कडं फिरवायचं, म्हणजे कुणा एकीवर ओझं येणार नाही. बोल्ट असा निवडायचा की वेळ आलीच तर आधी तो लांबेल. पत्रा वाचेल.

"ह्ये आधीच का नाय केला तुमच्या शिकलेल्यांनी?"

मी म्हटलं, "आबा, उद्या वारा आहे. नट सोडवायला तुमचा पहिला हात हवा म्हणतात सगळे."

"मी नाय." सूप बाजूला सारून ते उठलेच. "वारा येनार आन् मी माज्या हातानं नट ढिला करू? येड लागला काय तुला? येकदा बघितलाय मी. पुन्ना नाय बघायचा."

मी जे सांगायचं टाळत होते ते सांगावंच लागलं. "चीर पंपघराच्या दाराशी आहे. कुंदन आत्ता तिथेच उभा आहे."

आबा तसेच उभे राहिले. मग विचारलं, "कंच्या दाराशी?" दार एकच होतं, ते त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गाडीत ते सारखे खिडकीबाहेर बघत होते. आभाळ भरून आलं होतं. टाकी चिरेच्या खालीपर्यंत उपसून झाली होती. तळाशी वीतभर माल उरला होता, तो काढायला कुंदन पंपघरात वाल्व्हवर बसून. टाकी सरकली असती तर पहिला तुटला असता तो त्याच्याजवळचाच पाईप. हे मला कळत होतं, परेश सरांना कळत होतं आणि आबांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. हिशेबाप्रमाणे काही होणार नव्हतं. हिशेब मीच दोनदा तपासला होता, तरी वहीतला तो पुन्हा बघत होते.

आबांनी पान्याला पाईप लावला. नटावरचं कुंकू बोटाने पुसलं आणि ते बोट कपाळाला लावलं. नट हलेना. कुमार पुढे झाला, दोघांनी मिळून जोर लावला.

कडाड्!

बंदुकीसारखा आवाज झाला. कुमार पळाला, परेश सर पळाले, आणि खोटं कशाला बोलू, मीही पळाले. पाईपांच्या रॅकपर्यंत जाऊन वळून बघते तर आबा पाना धरून तिथेच. काय धीर या माणसाचा, असं कुमार नंतर गावभर सांगत सुटला. आबांनी मला खरं सांगितलं: "धीर कसला गो? पायच उचलला नाय."

आवळून आवळून जाम झालेला नट सुटला होता आणि इतकी वर्षं ओढून धरलेला पत्रा मागे गेला होता, त्याचा तो आवाज. मी जवळ जाऊन पट्टी लावली. फुगवटा थोडा कमी झाला होता. चीर वाढली नव्हती. "आता समोरच्या बाजूचा, आबा," मी म्हटलं. "एकदम नाही, थोडा थोडा. सगळ्यांना सारखं."

एक इकडचा, एक पलीकडचा, असं करत ते टाकीभोवती फिरत राहिले. प्रत्येक नटाला आधी कडकड, मग सुटका. शेवटचे नट उरले तेव्हा वारा आला. आधी धूळ, मग कुठला तरी पत्रा वाजला, मग रॅकवरची ताडपत्री फडफडायला लागली. आबांनी पाना खाली टाकला. दोन्ही तळवे टाकीला लावून, पाय रोवून, मान खाली घालून ते उभे राहिले. साठी उलटलेला किडकिडीत माणूस तीन मजली टाकी धरून ठेवायला निघाला होता. मला हसू यायला हवं होतं. मला रडू आलं.

"आबा, सोडा! नट धरतील तिला!" मी ओरडले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा ओरडले, पण वाऱ्यात माझा आवाज मलाच येईना, आणि तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस काय घेऊन जगत आलाय.

एक जोराचा झोत आला. टाकीच्या बुडाशी टक् असं वाजलं. टाकी केसभर उचलली होती, आणि नटांनी तिला धरलं होतं. हाताने बसवलेल्या, ढिल्या नटांनी. पुन्हा टक्. मग झोत गेला आणि टाकी आपल्या जागी बसली. नंतर पाऊस आला, शेवटचे नट त्या पावसातच सोडवले.

संध्याकाळी पाऊस उघडला. तळचा माल काढून टाकी धुतली, वायूची तपासणी झाली, तेव्हा मी त्या चिरेची खोली मोजली. माझ्या मागे आबा उभे होते, मला कळलंच नाही.

"किती रायला व्हता?" त्यांनी विचारलं. "पत्रा. किती रायला व्हता?"

"वेळेवर सापडलं, आबा."

"मी काय इचारतो? खरा सांग."

मी माझ्या अंगठ्याचं नख दाखवलं. त्याच्या जाडीएवढा.

पंपघराच्या पायरीवर कुंदन डबा उघडून बसला होता, सकाळपासून त्याने काही खाल्लं नव्हतं. आबा त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि त्याचं मनगट धरलं. कुंदन त्यांच्याकडे बघून हसला, दुसऱ्या हाताने घास मोडायला गेला, मग थांबला.

"आबा, सोडा की जरा. दुखतंय."

"सोडतो रं," आबा म्हणाले.

पण हात सुटेना. ते स्वतःच्याच हाताकडे बघत होते, घाबरून, आणि बोटं उघडत नव्हती. कुंदनचा पंजा पांढरा पडायला लागला. मी त्यांच्यापुढे खाली बसले आणि त्यांची बोटं एकेक करून सोडवली.